चित्रांचे अभ्रे: नागपंचमी ते पाडवा

पाडव्याला, ९ एप्रिल २०२४ रोजी, मी माझ्या नावाचं पहिलं बिल फाडलं. जुनी नामांकित चित्रं छापलेली दोन कुशन कव्हर, एकूण ६९८ रुपये. तिथपर्यंत पोचायला साडेसात महिने लागले. त्यानंतर तिघी-चौघींचे फोन आले, कुठनं सुरुवात करायची म्हणून. सगळ्यांना पुरेल असं एकदाच लिहून ठेवते, तारखा आणि खर्चासकट. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या बायकांना जास्त उपयोग होईल, कारण आपल्याकडे साध्या गोष्टीतही मध्येच राज्याची हद्द येते.

मी बेळगावात टिळकवाडीत राहते, घरी चित्रकलेच्या शिकवण्या घेते. २०२३ च्या नागपंचमीच्या आठवड्यात आमचा नवा सोफा आला. त्यावर मला व्हॅन गॉगची बदामाची फुलं हवी होती. १८९० साली, भावाला मुलगा झाला म्हणून त्यानं काढलेलं ते चित्र. बाळाला काकाचंच नाव ठेवलं होतं. दरवर्षी मी ते मुलांना दाखवते, आणि निळ्या आभाळावरच्या त्या फांद्या काढताना वर्ग गप्प होतो. ऑनलाइन मिळणाऱ्या कव्हरांत ते निळं भडक होतं, म्हणून कॉफीचे मग आणि टीशर्ट छापणाऱ्या एका दुकानात चित्र घेऊन गेले. १८० रुपयांत एक कव्हर मिळालं. नणंद आली, हात फिरवून म्हणाली, "वैनी, मला पण करून द्या की अशी चार." मग शेजारून आणखी मागणी आली आणि मी सप्टेंबरमध्ये एकदम वीस नगांची ऑर्डर देऊन टाकली.

ते वीसच्या वीस वाया गेले. व्हॅन गॉगच्याच तारकांच्या रात्रीचं निळं जांभळं आलं आणि बदामाचं हिरवट. २६०० रुपये गेले. दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण मलाच पद्धत माहीत नव्हती. त्या रात्री मला झोप आली नाही. पैशांपेक्षा त्या चित्रांचे तसे हाल झाल्याचं वाईट वाटलं.

मग समजून घेतलं. मगवाल्यांकडे असतं ते सब्लिमेशन. खास शाईनं कागदावर चित्र उलटं छापतात, कागद कापडावर ठेवून साधारण २०० अंशांवर मिनिटभर दाबतात, शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते. हे फक्त पॉलिएस्टरवर नीट बसतं, सुतीवर धरत नाही, आणि कापड पांढरंच लागतं. प्रिंटर, शाई आणि कापड या तिघांचा मेळ घालणारी रंगाची प्रोफाइल बसवलेली नसेल तर निळे रंग सगळ्यात आधी बिघडतात. सुतीवर छापायचं तर रिॲक्टिव्ह डिजिटल प्रिंट. त्यात कापडाला आधी सोडा-युरियाचा लेप देतात, छापल्यावर वाफ देतात, मग धुतात. रंग धाग्याशी जोडला जातो आणि कापड मऊ राहतं. आपल्या उन्हाळ्यात पॉलिएस्टरला कोण टेकणार? मी सुती करायचं ठरवलं.

चित्राची फाइल हा पुढचा अडसर. १६ इंची कव्हरला शिलाई धरून १७ इंच कापड लागतं. इंचाला १५० ठिपके धरले तर २५५० बाय २५५० पिक्सेलचं चित्र हवं. फोनवर आलेलं चित्र चालत नाही, कितीही सुंदर दिसलं तरी. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, ॲमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट यांनी जुन्या चित्रांचे मोठे फोटो वापरायला मोकळे ठेवलेत. तिथूनच घ्या, आणि प्रत्येक चित्राखाली वापराबद्दल काय लिहिलंय ते वाचून त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. मी एक वही केली. चित्र, चित्रकार, मृत्यूचं वर्ष, फोटो कुठून घेतला, मूळ माप.

मूळ मापाचा रकाना केवळ हौसेनं घातला होता, पण तोच सगळ्यात उपयोगी पडला. वर्मिअरची मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी मुळात ४४.५ बाय ३९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या उशीएवढीच. तिला मोठंही करावं लागत नाही, लहानही नाही, म्हणून ती उशीवर इतकी शोभते. जपानच्या होकुसाईची लाट तर उशीपेक्षा लहान. मूळ ठशाची उंची २६ सेंटिमीटरही नाही. चौकोनात बसवायला ती दीडपटीहून जास्त ताणली की रेषा जाड दिसतात. मी लाटेला आडवं, १२ बाय १८ इंचाचं कव्हर दिलं. क्लिम्टचं चुंबन पूर्ण चौकोनी आहे, १८० बाय १८० सेंटिमीटर, कुठेही कापावं लागत नाही. पण त्यातलं सोनं हे खरं सोन्याचं पान आहे. छापल्यावर ते मोहरीसारखं पिवळं दिसतं. दोन नमुने काढले आणि ते चित्र सोडून दिलं.

आता हक्कांविषयी. यावर मी सगळा ऑक्टोबर घालवला, आणि तुम्हीही वेळ द्या असं कळकळीनं सांगते.

आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, आणि ती ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. राजा रवि वर्मा १९०६ मध्ये गेले, प्रश्नच नाही. अमृता शेर-गिल १९४१, मोकळ्या. कोल्हापूरचे एम. व्ही. धुरंधर १९४४, मोकळे. जामिनी राय १९७२ साली गेले. त्यांची मोठ्या डोळ्यांची चित्रं बाजारात सगळीकडे छापलेली दिसतात, तरी २०३२ संपेपर्यंत हक्क आहे. पिकासो २०३३ संपेपर्यंत. रवी परांजपे आपल्या बेळगावचे, त्यांची चित्रं पाहत मी रंग शिकले, पण ते २०२२ मध्ये गेले, म्हणजे माझ्या हयातीत तो विषय नाही. दुसऱ्या देशात माल पाठवायचा असेल तर तिथली मुदत वेगळी असते. मी फक्त भारतात विकते.

आमच्या आत्या निपाणीला असतात. मी हे करतेय म्हटल्यावर त्यांची पहिली मागणी: "रवि वर्म्याची ती दिवा घेतलेली बाई कर गे मला." तुम्हालाही आठवली असेल. जांभळट साडी, एका हातात समई, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांतून झिरपणारा लाल उजेड. मीही ती रवि वर्म्याचीच समजत होते. वहीत मूळ माप लिहायला बसले तेव्हा कळलं की ते चित्र सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. १९४५-४६ च्या सुमारास जलरंगात काढलेलं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात रवि वर्म्याच्या चित्रांबरोबर ते असतं, त्यामुळे घोटाळा होतो. समोर उभी होती ती त्यांची स्वतःची मुलगी. तेलरंगात झाकाझाक करता येते, जलरंगात तो उजेड म्हणजे मोकळा सोडलेला कागद. हे कळल्यावर मी ते चित्र नव्यानं पाहिलं. आणि हळदणकर गेले १९६८ साली. म्हणजे ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत हक्क वारसांचा. परवानगी मागता येते, ती लेखी हवी आणि मोबदला ठरवावा लागतो. मी पन्नास नगांच्या धंद्यासाठी मागितली नाही. आत्यांना फोन करून सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "सावंतवाडीचा होय? आपल्या आंबोलीखालचा?"

रवि वर्म्याचंही सगळं घेता येत नाही, पण त्याचं कारण कायदा नाही. त्यांच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती आपल्या आजीच्या देवघरात होत्या. उशीला माणूस पाठ टेकतो, मुलं पायाखाली घेतात. देवदेवतांची चित्रं अभ्र्यावर घ्यायची नाहीत हे मी आणि सासूबाईंनी एका वाक्यात ठरवलं. राहिली शकुंतला आणि हंस-दमयंती. दोन्ही उभी चित्रं. दमयंती चौकोनात बसवली की एक तर तिचे पाय जातात नाहीतर हंस जातो. हंस जाऊन कसं चालेल? तिच्यासाठी उभं कव्हर केलं.

सुती छपाईसाठी इचलकरंजी गाठली. ६ नोव्हेंबरला पहिल्यांदा गेले. बेळगाव ते निपाणी आपल्या कर्नाटकाच्या बसमध्ये, बायकांच्या मोफत प्रवासाच्या शक्ती योजनेचं शून्य रुपयांचं तिकीट, आधार दाखवलं की झालं. निपाणीपासून पुढे महाराष्ट्र, तिथून तिकीट काढायचं. दिवाळी आठवड्यावर होती. कारखान्यातल्या मालकांनी बसवून चहा दिला, फाइल पाहिल्या आणि सांगितलं, "ताई, दिवाळी झाल्याबिगर मशिन मोकळं न्हाई." तुम्ही जाणार असाल तर सणाच्या आधीचा महिना टाळा आणि फोन करून जा.

२३ नोव्हेंबरला परत गेले. यावेळी मी शहाणपणानं फक्त एक मीटरचा नमुना छापून घेतला. त्यात वर्मिअरच्या फेट्याचा निळा, होकुसाईच्या लाटेचा निळा आणि बदामाच्या आभाळाचा निळा, असे तीन तुकडे शेजारी शेजारी. तीन निळे तीन वेगळे दिसले तर बाकीचे रंग सांभाळले जातात, हा माझा अनुभव. लाट पहिल्या खेपेला काळपट आली. ऑपरेटरनं तिथेच बसून शाई कमी केली, दुसऱ्या खेपेला बरोबर आली. नमुना घरी आणून तीनदा धुतला, ओल्या पांढऱ्या रुमालानं घासला, अंगणात आठ दिवस उन्हात ठेवला. रंग टिकला, कापड मात्र आटलं. १७ इंचाचं साडेसोळा झालं. त्यामुळे पुढच्या छपाईत प्रत्येक चित्र ३ टक्के मोठं करून दिलं. नमुना न धुता मोठी ऑर्डर देऊ नका. माझे पन्नासएक अभ्रे त्या एका धुण्यानं वाचले.

डिसेंबरमध्ये दहा मीटर छापले. ५८ इंच पन्ह्यात साडेसतरा इंचाचे तीन तुकडे बसतात, दहा मीटरमध्ये बावीस ओळी, म्हणजे सहासष्ट तुकडे. आडव्या-उभ्या कव्हरांमुळे माझे थोडे कमी निघाले. कापड आणि छपाई मिळून मीटरला ३२० रुपये. चौकोनी तुकड्याला ४८ रुपये पडले, मागचं साधं कापड २४, चेन ९, शिलाई २५, पाकीट आणि लेबल ८. एकूण ११४ रुपये, आणि यात माझे प्रवास, नमुने, वाया गेलेले वीस धरलेले नाहीत. डिजिटल छपाईत प्रत्येक चित्राला वेगळी चौकट करावी लागत नाही, एकाच लांबीत सहा चित्रं मांडता येतात. लहान धंद्याला हेच परवडतं. मागच्या बाजूचं कापड बेळगावातल्याच शहापुरात घेतलं, शिलाई वडगावातल्या मावशींकडे. चेन तळाला लावा, मागे मधोमध लावलेली टेकल्यावर टोचते. भरण शहापूरच्याच पिंजाऱ्याकडून. त्यांनीच सांगितलं, १६ इंची अभ्र्यात १८ इंची उशी घाला, कोपरे रिकामे पडत नाहीत.

आता कागद. सगळ्यात सोपं उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन लागतं, शुल्क शून्य. ४ डिसेंबरला बसले, अर्ध्या तासात झालं. शोधताना पैसे मागणारी तशीच दिसणारी संकेतस्थळं आधी येतात, तिथे भरू नका. धंद्याचा कोड १३९२ मधला, म्हणजे कपडे सोडून इतर तयार कापडी वस्तू.

जीएसटीचं मला वाटत होतं की आपली विक्री ४० लाखांच्या जवळपासही नाही, मग कशाला? सीएंनी एकच प्रश्न विचारला, "शिनोळीला विकणार?" शिनोळी आमच्यापासून गाडीनं अर्ध्या तासावर. माझ्या दोन विद्यार्थिनी तिथून येतात. पण ती चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. करपात्र माल राज्याबाहेर विकला की विक्री कितीही लहान असो, नोंदणी घ्यावी लागते. काही हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे, पण मशिनवर छापलेल्या कव्हरांना ती लावता येत नव्हती. लहान व्यापाऱ्यांसाठीची सोपी कंपोझिशन योजनाही चालत नाही, तीत राज्याबाहेर विकता येत नाही. कोल्हापूर, सावंतवाडी, गोवा सोडून मी विकणार कुणाला? माझी निम्मी ओळख हद्दीपलीकडे आहे.

८ जानेवारीला अर्ज केला. शुल्क नाही, सीएंचे दीड हजार. १६ जानेवारीला नोटीस आली आणि माझे हातपाय गार पडले. नोटीस शब्दच तसा आहे. पण त्यात एवढंच होतं की विजेचं बिल सासऱ्यांच्या नावावर आहे, जागेचा तुमचा संबंध दाखवा. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, बिलावरचं नाव आम्ही बदललंच नव्हतं. उत्तराला सात कामाचे दिवस असतात. घराचा उतारा, मृत्यूचा दाखला, सासूबाईंचं स्टॅम्प पेपरवर संमतिपत्र असं जोडून २२ जानेवारीला उत्तर दिलं, आणि ३१ जानेवारीला २९ नं सुरू होणारा नंबर आला. २९ म्हणजे कर्नाटक, पलीकडच्यांचा २७. घरातून धंदा करणार असाल तर अर्जाआधी विजेचं बिल कुणाच्या नावावर आहे तेवढं बघा.

बिलात हे लक्षात ठेवा. रिकाम्या अभ्र्याचा एचएसएन, म्हणजे मालाचा कोड, ६३०४, आणि हजार रुपयांच्या आतल्या नगाला २०२४ मध्ये ५ टक्के कर होता. भरण भरून उशी म्हणून विकली की ती ९४०४ मध्ये जाते आणि दर वेगळा. म्हणून मी फक्त अभ्रे विकते. आणखी एक. आपलं कापड पलीकडे छापायला जॉबवर्क म्हणून पाठवलं तर किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, लागतं, नेहमीची ५० हजारांची सवलत तिथे नाही. मी कापड त्यांचंच घेते, छापील माल विकत आणते.

व्यवसाय परवान्याला सगळा फेब्रुवारी गेला. अर्ज कन्नडमध्ये. मी इथेच जन्मले, कन्नड बोलते, पण कचेरीतलं लिहिलेलं कन्नड वेगळं असतं. समोरच्या घरातल्या अक्कांनी माझ्या ओट्यावर बसून तो भरून दिला, एकेक शब्दाचा अर्थ सांगत. पहिल्या खेपेला घरपट्टीची चालू वर्षाची पावती नव्हती. दुसऱ्या खेपेला सही करणारे साहेब नव्हते, "सोमवार बर्री", म्हणजे सोमवारी या. तिसऱ्या खेपेला काम झालं. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती आणि चार फोटो घेऊनच जा. माझ्या परवान्यावर मुदत ३१ मार्चपर्यंतचीच छापून आली, एप्रिलमध्ये नूतनीकरणाला पुन्हा गेले. जमत असेल तर एप्रिलमध्येच अर्ज करा. पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा त्याच महिन्यात विधिमंडळात झाला. माझी पाटी दोन फुटांची. वर मोठ्या अक्षरात कन्नड, खाली मराठी. कन्नड अक्षरं अक्कांच्या मुलीनं रेखून दिली, ती माझ्याकडेच शिकते.

मार्चमध्ये लेबल. पाकीटबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, माप, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. माप मेट्रिकमध्ये. १६ इंच लिहून पाचशे लेबलं छापायला निघाले होते, सीएंनी थांबवलं, ४० बाय ४० सें.मी. असं केलं. मागच्या बाजूला मी चित्राचं नाव, चित्रकार आणि वर्ष मराठीत छापते. कायद्यानं लागत नाही, मला हवं होतं.

पाडव्याला सकाळी गुढी उभारल्यावर शिनोळीची विद्यार्थिनी आईबरोबर आली. त्यांनी मोत्याची मुलगी आणि बदामाची फुलं घेतली, घरी पोचवायला सांगितली. बिलात आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी, ३३ रुपये २४ पैसे. तिची आई लेबल वाचत होती. तिनं विचारलं, "ती दिवा घेतलेली बाई नाही का हो तुमच्याकडे, रवि वर्म्याची?" मी तिला आत बसवलं, चहा ठेवला आणि हळदणकरांविषयी सांगायला लागले.